आईची सोय

माझ्या सासुरवाडीच्या माणसांइतकी व्यवस्थित माणसं मी आयुष्यात पाहिलेली नाहीत, आणि आता पाहायची हौसही उरलेली नाही.

मी कवळ्या बनवतो. दिवसभर माझ्यासमोर लोकांचे दात असतात, लोक नसतात, म्हणून मी असा फटकळ झालोय असं माझी बायको म्हणते. ती हिशेब तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा तिला पगार मिळतो आणि घरी ती तेच काम हौसेने करते. तिचे मोठे भाऊ, ज्यांना मीही दादाच म्हणतो, एका मोठ्या कंपनीत लोकांना काम कसं करावं हे शिकवतात. स्वतः काम करताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. धाकटी बहीण छोटी. चाळिशी आली तरी छोटीच. ती लोकांची घरं सजवून देते. आणि या तिघांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एका हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या.

घरात पद्धत आणली ती दादांनी. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि माणूस पार बदलला. पूर्वी ते नुसतेच सल्ले द्यायचे, आता क्रमांक घालून द्यायला लागले. फोनमध्ये एक फलक असतो, त्यावर प्रत्येक कामाचं एक कार्ड. कार्डांना चार रकाने: 'करायचं', 'चालू', 'थांबलंय' आणि 'झालं'. पाव तासात होणार नाही असं काम कार्डावर लिहायचंच नाही. त्याचे तुकडे करायचे. काम झालं की कार्डावर टिक करायची. मग सगळ्यांच्या फोनवर घंटी वाजते, पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे पडतात आणि कार्ड 'झालं'मध्ये जाऊन गडप होतं.

या घंटीची तिघांना इतकी चटक लागली की ती वाजावी म्हणूनच कामं निघू लागली. माझ्या बायकोने 'नळवाल्याला फोन करायचा आहे हे लक्षात ठेवणे' असं एक कार्ड केलं होतं आणि लक्षात ठेवून त्यावर टिकही केली होती. नळ गळतच होता. छोटीच्या फलकावर 'शांतपणे बसणे' होतं, आणि ते बरेच दिवस 'थांबलंय'मध्ये होतं. दादांनी तर आपल्या आयुष्याची ध्येयं पंधरा पंधरा मिनिटांची करून टाकली होती. त्यांना पुस्तक लिहायचं होतं. पुस्तकाचं नाव ठरवणं, अर्पणपत्रिका, मागच्या पानावरचा फोटो, सगळं झालं होतं. मधली पानं तेवढी उरली होती.

त्यात दादांचा एक सर्वांत लाडका नियम होता. 'झालं'मध्ये गेलेल्या कामावर चर्चा करायची नाही. ते कोणी केलं, कसं केलं, हे विचारायचं नाही. "कोणी केलं हा अहंकार आहे," ते म्हणायचे, "झालं हे महत्त्वाचं." दर रविवारी सकाळी तिघं फोनवर समोरासमोर यायचे, त्याला आढावा म्हणायचे. त्यात फक्त पहिल्या तीन रकान्यांचं गुऱ्हाळ चालायचं. मला फलक बघायची परवानगी होती, हात लावायची नव्हती. जावयाला त्यांनी 'निरीक्षक' असं पद दिलं होतं. मी ते पद आनंदाने सांभाळत होतो, कारण निरीक्षकाला पाय पसरून बसता येतं.

मग सासूबाईंच्या घरमालकाने जागा विकायला काढली. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून द्या, असं त्याने त्यांना सांगितलं, आणि तेही जिन्यात, भाजीची पिशवी हातात असताना. सासूबाईंनी तिन्ही मुलांना फोन करून ती बातमी दिली. बातमीच दिली फक्त. मी कुणाकडे येऊ, असं त्या एकालाही म्हणाल्या नाहीत. ती बाई उभ्या जन्मात कुणाकडे काही मागायला गेलेली नव्हती. तिन्ही मुलांपैकी कोणीतरी "आई, इकडे ये" म्हणेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

त्या रविवारी फलकावर नवं कार्ड आलं: 'आईची सोय'.

जबाबदार म्हणून दादांनी तिघांचीही नावं घातली. समान वाटणी. आणि मग मूळ कार्डाला हात न लावता त्याचे तुकडे पाडायला सुरुवात झाली. दादांनी 'आईच्या पलंगाची मापं घेणे' घेतलं आणि घेतलीही. पलंग कुठे ठेवायचा ते कुणी ठरवलं नव्हतं, पण मापं बिनचूक होती. छोटीने आईच्या खोलीसाठी पडद्याचे सहा रंग काढले. कुठल्या खोलीसाठी, हे विचारणाऱ्याला ती "आधी रंग तर ठरू दे" म्हणायची. माझ्या बायकोने आईच्या औषधांचा तक्ता केला, तोही दोन प्रतींत. घंट्या इतक्या वाजत होत्या की शेजारच्यांना वाटावं, आमच्याकडे कुणी परीक्षेत पहिलं आलंय.

'आईची सोय' मात्र दर रविवारी 'थांबलंय'मध्ये. दादांचं घर सर्वांत मोठं, पण त्यांची रिकामी खोली पुस्तक लिहायची होती. छोटीकडे पांढरा सोफा होता आणि जिकडेतिकडे काच. तिच्या घरात माझ्यासारख्या माणसालाही हात खिशात घालून बसावं लागतं. आणि आमच्याकडे दुसऱ्या खोलीत बायकोचं व्यायामाचं यंत्र होतं. त्यावर व्यायाम कधी झाला नाही, पण ओले टॉवेल फार छान वाळायचे. मी एकदा म्हणालो, यंत्र काढू आणि आईंना इकडे आणू. बायको म्हणाली, ते फलकावर आहे, तुम्ही मध्ये पडू नका. मी पडलो नाही. वेळ मारून न्यायला मला निमित्त लागतं, आणि ते तिने आयतं दिलं होतं.

प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट होती, आपल्या तोंडून आधी शब्द निघायला नको. आढाव्यात 'आईची सोय' आली की तिघं एकदम विचारात पडायचे. दादा हनुवटी धरायचे. छोटीचं इंटरनेट नेमकं तेव्हाच अडकायचं. मग कोणीतरी म्हणायचं, "आईला नक्की काय वाटतं तेही बघायला हवं ना," आणि 'आईला काय वाटतं ते विचारणे' असं कार्ड निघायचं. त्याला जबाबदार कोणी नसायचं.

याच काळात दादांनी फलकावर आईलाही घेतलं. का, तर रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या की त्यांनी स्वतः टिक करावी, म्हणजे रोज फोन करून विचारायला नको. फोन वाचला, वेळ वाचला, असं दादा अभिमानाने म्हणाले. सासूबाईंना टिक कशी करायची ते एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. गोळीची घंटी रोज सकाळी वाजू लागली आणि आई ठणठणीत आहे हे तिघांना घरबसल्या कळू लागलं. पण आईला फलक दिला म्हणजे सगळाच फलक दिला, हे काही त्या थोर व्यवस्थापकाच्या ध्यानात आलं नाही.

आणि एका सकाळी आम्ही चहा घेत असताना घंटी वाजली. बायकोने फोन पाहिला. कपटे पडत होते. 'आईची सोय' झालं.

तिचा चेहरा असा सैल पडला की मला वाटलं, वाईट बातमी आहे. मग ती हसली. "दादाने घेतलं वाटतं आईला," ती म्हणाली. "शेवटी मोठा तो मोठाच." तासाभरात छोटीकडून फोनवर चार लाल बदाम आले. तिला वाटलं, ताईने घेतलं. दादांनी दोघी बहिणींना मिळून एक ओळ पाठवली, 'हीच खरी संघभावना', आणि त्यांची खात्री होती की हे छोटीने केलं. तिच्याकडे लिफ्ट आहे ना. ज्याला त्याला वाटत होतं की दुसऱ्याने केलं, आणि दुसऱ्याला विचारावं तर दुसरा म्हणेल, अरे, मग तूच का नाही घेतलंस. शिवाय नियम होताच. झालेल्या कामावर चर्चा नाही.

त्या आठवड्यात आमच्या घरात इतका आनंद होता की मला लाज वाटायला हवी होती. बायको स्वयंपाकघरात गुणगुणत होती. नळवाल्याला खरोखरचा फोन केला आणि नळ गळायचा थांबला. मी फलक उघडला तेव्हा दिसलं, तिघंही एकमेकांचं न बघता गुपचूप आवराआवर करतायत. बायकोने 'यंत्र हलवणे' पुसून टाकलं होतं. छोटीने 'सोफ्याला कव्हर' पुसलं. दादांनी 'लिहायचं टेबल हॉलमध्ये' हे कार्ड काढून टाकलं, जे त्यांनी बहुधा फार जड हाताने लिहिलं असणार. आणीबाणीची सगळी तयारी मोडली होती. रविवारच्या आढाव्यात दादा म्हणाले की आपल्या कुटुंबाने एका आठवड्यात इतकी कामं कधीच संपवली नव्हती. सासूबाईंचं नाव कुणी काढलं नाही. गोळीची घंटी तेवढी रोज वाजत होती.

दोन दिवसांनी मला सासूबाईंचा फोन आला. मलाच, बायकोला नाही. खालची कवळी डाव्या बाजूला टोचते, वेळ असेल तेव्हा या, म्हणाल्या. ती कवळी माझ्याच हातची, त्यामुळे हे काम माझं होतं आणि कुठल्याही फलकावर नव्हतं. मी घासायची छोटी मोटर आणि चाव्याचा डाग उठवणारा निळा कागद पिशवीत टाकला आणि गेलो.

तीन जिने चढून आत शिरलो तर खोली अर्धी रिकामी. भिंतीवर जिथे कपाट होतं तिथे त्या आकाराचा स्वच्छ रंग दिसत होता. टेबलावर बशा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या. चादरींच्या घड्या अशा की कडा पट्टीने आखल्यासारख्या, लाँड्रीतली सवय. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं, कवळी काढून घेतली आणि टोचणारी जागा शोधायला लागलो. कवळी काढली की सासूबाई तोंडावर हात धरतात आणि एक शब्द बोलत नाहीत. हे मला माहीत असूनही मी आपला बोलत सुटलो. आवराआवर जोरात दिसते. गाडी कधी येणार. दादांकडे की छोटीकडे, आमच्या घरात अजून कुणी नीट सांगितलं नाही. मोटर घुंई घुंई करत होती. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी कवळी धुऊन हातात दिली, त्यांनी बसवली, मी दातांमध्ये निळा कागद धरला आणि चावून बघा म्हणालो. त्यांनी चावून बघितलं. डाग बरोबर पडला.

"कुणाकडे जाणार असं विचारणारे तुम्ही पहिले," त्या म्हणाल्या. "आणि तेही माझे दात तुमच्या हातात असताना."

मला काही कळेना. मी म्हणालो, पण आई, फलकावर तर झालं म्हणून आलं होतं.

"ती टिक मी केली."

मग त्यांनी सांगितलं, अगदी सरळ, कुणाची तक्रार केल्यासारखं नाही. गोळीच्या कार्डाच्या वरच त्यांना ते कार्ड रोज दिसायचं. मापं वाचली, पडद्याचे रंग वाचले, औषधांचा तक्ता वाचला. तक्त्यात एक गोळी चुकली होती तीही त्यांनी पाहिली. दर रविवारनंतर 'थांबलंय'. एक दिवस गोळी घेतली, तिच्यावर टिक केली आणि वरच्या कार्डावरही केली. काहीही ठरलेलं नसताना.

"म्हटलं, बघू तरी. तिघांपैकी एक तरी फोन करून विचारेल, कुणी नेलं आईला? कुठे चालली आई? नुसतं विचारलं असतं ना, तरी मी सांगितलं असतं, अरे, गंमत केली." त्यांनी निळ्या कागदाची घडी घातली. "फोन आले. छोटीने विचारलं, तिचा डबा माझ्याकडे राहिलाय का."

मी पिशवीची चेन लावत बसलो. ती लागलेलीच होती. त्या आठवड्यात मीही पाय पसरून बसलो होतो, आणि आता ते मला असं टोचलं की ते घासून काढायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. मग आता कुठे, असं मी विचारलं.

इस्त्रीवालीकडे, त्या म्हणाल्या, उद्या गाडी येतेय. ही बाई मला ऐकून माहीत होती. लाँड्रीतल्या इस्त्री विभागाची प्रमुख. चादर आधी लांबीत दुमडायची की रुंदीत, यावरून दोघी नोकरीभर भांडत आल्या आणि निवृत्तीनंतर फोनवर भांडत होत्या. एकटीच, तळमजल्यावर घर, एक खोली रिकामी. सासूबाईंनी तिला जागेचं सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली?

"गादी कडक लागते की मऊ," सासूबाई म्हणाल्या. "एवढंच म्हणाली."

मी म्हणालो, आई, तुम्ही आमच्याकडे चला, यंत्र मी आज विकतो. त्या हसल्या, कवळी छान बसली होती. तुम्ही जावई आहात, म्हणाल्या, तुमच्यावर माझा राग नाही. यात काय म्हणायचं होतं ते मला नीट समजलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आधी माझ्यावरच चिडली, मग फोन घेऊन बसली. तिने दादांना विचारलं, तू नेतोयस ना? दादा म्हणाले, मी? छोटी नेतेय. छोटी म्हणाली, मी कुठे, ताई नेतेय. तिघांनी ते दोनदा फिरवून बघितलं, जणू एखादी आई मध्येच कुठेतरी सांडली असेल. दुसऱ्या दिवशी तिघंही कामावरून सुट्टी काढून त्या तिसऱ्या मजल्यावर हजर, आणि त्यांच्यामागे मी. इतकी वर्षं त्या जिन्याने तिघांना एकत्र पाहिलं नव्हतं.

दादांनी आल्या आल्या फोन काढून नोंद तपासली. टिक 'सदस्य चार'ने केली होती. सदस्य चार समोर बसून कपबशा गुंडाळत होता. दादांनी त्यांना शांत आवाजात, कंपनीत नवीन माणसाला समजावतात तसं समजावलं की न झालेल्या कामावर टिक करणं पद्धतीत बसत नाही, त्याने सगळ्यांचा गैरसमज होतो. सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, काम झालेलं आहे, पत्ता लिहून घे.

मग तिघांना एकदम कंठ फुटला. दादा म्हणाले, पुस्तक काय, हॉलमध्येही लिहिता येईल. छोटी म्हणाली, सोफा जुनाच झालाय. माझी बायको रडायलाच लागली आणि खाली बसून तिने आईचे दोन्ही हात धरले. आई, आमच्याकडे चल, म्हणाली, आत्ताच चल. तिघंही खरं बोलत होते. ते पाहून मला त्यांचा जास्तच राग आला. महिनाभर हे कुठे दडवून ठेवलं होतं?

सासूबाईंनी हात सोडवला नाही. माझ्या बायकोकडे बघत म्हणाल्या, "एक सांगशील? तू लहानपणापासून खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला विचारते. सकाळी ती घंटी वाजली, आईची सोय झाली म्हणून. तेव्हा तुला काय वाटलं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी त्या चहाच्या वेळी समोर बसलो होतो, हे तिला आठवत होतं. दादा फोनच्या बंद पडद्यावर अंगठा फिरवत होते. छोटी खिडकीबाहेर बघत होती. त्या खोलीतल्या कुणालाही तिच्या जागी बसायचं नव्हतं.

"हलकं वाटलं," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली. तिच्या गालावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला.

"कुणीच विचारलं नाही ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मग मलाही हलकं वाटलं."

खाली गाडी आली होती. इस्त्रीवाली ड्रायव्हरशेजारी बसून हॉर्न वाजवायला लावत होती. सासूबाई उठल्या, चपला घातल्या आणि आम्हाला म्हणाल्या, चादरी वर ठेवा, चुरगळतील. आम्ही चौघांनी मिळून सामान खाली नेलं.